हातचा

ग्लेनिसबाईंनी फोनवरच बजावलं,
"भिंत तयार असेल तरच बोलवा.
मी टाइल लावते, भिंतीशी भांडत नाही."
हडर्सफील्डमध्ये नावाजलेल्या त्या एकट्याच,
एप्रिलपर्यंत त्यांना फुरसत नाही.
"म्हणजे भरपूर वेळ आहे आपल्याकडे," मुकुल म्हणाला
आणि ऑफिसला गेला.

मग मीच. छिन्नी, हातोडी,
केसांना जुन्या ओढणीचं फडकं.
हिरव्या टाइल पहिल्या घावाला नुसत्या खणखणल्या,
दुसऱ्याला चार एकदम सुटल्या,
वाटच बघत असल्यासारख्या.

भिंत बोटांच्या पेरांनी वाजवत जायची.
नारळ, कलिंगड, माठ वाजवून घेणाऱ्या घरातली मी,
एवढं येतंच.
टण म्हणाली तर सोडायची.
बद म्हणाली तर तिथला गिलावा
आतून कधीच सुटलाय,
शेजारच्याला धरून उभा आहे इतकंच.
तो काढायचा. दयामाया नाही.

आणि खिडकीखाली,
जुन्या चिकटवणीच्या पाच-पाच गोळ्यांच्या मधे,
पेन्सिलीतलं गणित.
तेवीस गुणिले नऊ.
सात खाली, हातचा एक.
उत्तर एकशे सत्त्याण्णव,
खाली दोन ठसठशीत रेघा.

मी टबाच्या काठावर बसले.
नऊ त्रिक सत्तावीस. हातचे दोन, बाबा, दोन.
दोनशे सात.

दारामागच्या त्या दहा टाइल!
बाकीच्या सगळ्या शेवाळी, त्या तेवढ्या पोपटी.
अकरा वर्षं आम्ही त्यावर बोललो.
मुकुल म्हणायचा, पाणी मुरलं असेल.
सासूबाई आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या,
दृष्ट लागू नये म्हणून असेल.
कुणालाच सुचलं नाही की
एक माणूस शनिवारी दुकानात परत गेला
आणि तो हिरवा संपला होता.
दार उघडं असलं की त्या झाकल्या जायच्या.
आंघोळीपुरतं सोडलं तर
त्याने ते कायम उघडंच ठेवलं असणार.

पुढचं सगळं सावकाशीचं.
टबाभोवती सिमेंटचे बोर्ड, सांध्यांवर जाळीची पट्टी,
कोपऱ्यांत निळं जलरोधक, दोन हात,
एक आडवा, एक उभा.
बाकी भिंतीला नवा गिलावा. इकडे तो गुलाबी असतो,
ओला असताना हिरड्यांच्या रंगाचा,
मग रोज जरासा फिका.
पण फेब्रुवारीत इथे टॉवेल वाळत नाही,
भिंत काय वाळणार?
दात घासायच्या आधी तिला तळहात लावून बघायचे,
शाळेच्या दिवशी पोराचं कपाळ बघावं तशी.
खालच्या डाव्या कोपऱ्यातला ओला डाग
सव्वीस दिवस हटला नाही.

ओळंबा दुकानात मिळतो, लेझरचा, चाळीस पौंडांना.
मी सुतळीला पितळी अडकित्ता बांधला,
सासूबाई विसरून गेलेला.
तो हेलकावला, घुटमळला, थांबला.
घर शंभर वर्षं डावीकडे कललेलं.
अडकित्ता नाही.

खिडकीखालचा तुकडा टण वाजत होता
म्हणून राहिला.
प्रायमर मारण्याआधी त्याच्या गणिताखाली माझं लिहिलं:
सव्वीस गुणिले आठ. आठ खाली, हातचे चार.
दोनशे आठ. तुटफूट धरून दोनशे तीस.

ग्लेनिसबाई आल्या. लांब पट्टी भिंतीला टेकवली,
खालून उजेड कुठे येतो ते वाकून पाहिलं.
"वाईट नाही," म्हणाल्या.
या गावात याहून मोठं कौतुक नसतं.
मग चष्मा लावून दोन्ही गणितं वाचली.
"खालचं बरोबर आहे. वरचं?"
"त्याचं त्याने भरलं," मी म्हटलं.
त्यांनी मान हलवली, बादलीत थापी बुडवली
आणि दातेरी कडेने दोघांवरून
सारख्याच रेघा ओढल्या.

जिन्याखालच्या खोक्यात एकोणीस उरल्यात.
मुकुल विचारतो, कशाला ठेवायच्या?